सीताफळीचा पाला

केरबाच्या अंगावरनं वारं गेलं तेव्हा उसाला तोड आलेली होती. फडातच आडवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जिभेला पीळ पडला, पण जीव राहिला. आष्ट्याचा डॉक्टर येऊन सुई देऊन गेला. जाताना उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "आता हे पडूनच राहणार. कायम जवळ एक माणूस ठेवा. कूस बदलत राहायची, नाहीतर पाठ जाईल."

माणूस ठेवा म्हणायला त्याचं काय जात होतं. घरात माणसं होतीच, पण ह्या कामाची नव्हती. पोरगा सयाजी मिलिट्रीत, तिकडं आसामात. केरबाची बायको मरून जमाना झालेला. उरल्या दोन बाया. एक सून, सुला. दुसरी केरबाच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको, रंगूबाई. सुनेनं सासऱ्यापुढं जायचं ते पदर तोंडावर ओढून आणि नजर जमिनीवर ठेवून. आणि भावजयीनं तर थोरल्या दिरापुढं जायचंच नाही. रंगूबाई लग्न होऊन त्या घरात आली, म्हातारी झाली, डोळ्यांत वडस वाढलं, पण केरबाचं तोंड तिनं कधी धड बघितलेलं नव्हतं. खोकल्यावरनं ओळखायची.

मग त्याला धुवायचं कुणी? लेक बनुबाई सांगलीत विश्रामबागेत दिलेली, जावई कचेरीत. ती म्हणाली, आबांना माझ्याकडं आणा. केरबा पीळ पडलेल्या जिभेनं म्हणाला, "लेकीच्या दारात मराय जाऊ व्हय?" तो विषय तिथं संपला.

भावकीतला लालासाहेब, केरबाचा चुलत पुतण्या, त्यानं माणूस आणला. बिराप्पा. जतकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, बायको माहेरी गेली, हा उसाच्या टोळीबरोबर इकडं आला. टोळी माघारी गेली तरी हा मागं राहिला. माघारी जाऊन बघायचं काय, मेंढरांचा मोकळा वाडगाच. उंचापुरा, गप्प, बोलला तर निम्मं कानडी.

"जमंल का रं?" लालासाहेबानं विचारलं.

"मेंढ्यांची बाळतपणं केल्यात मालक."

"आबांस्नी तेवढं सांगू नगंस," लालासाहेब म्हणाला आणि स्वतःच हसला.

दोन वेळचं जेवण, महिन्याला पगार, आणि झोपायचं सोप्यात, केरबाच्या बाजेशेजारी. सोपा आणि माजघर यांच्या मधी एक उंबरा होता. त्या उंबऱ्याच्या आतलं घर सुलाचं, बाहेरचं बिराप्पाचं. सुला भाकरी थापायची, कालवण करायची, ताट उंबऱ्यावर ठेवून दाराची कडी वाजवायची. बिराप्पा ताट उचलायचा. रिकामं ताट परत उंबऱ्यावर यायचं. बोलायचं झालं तर दाराआडनं.

सुलाला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला तसं कशाचंच फारसं वाटत नव्हतं. नवरा सुट्टीपुरता बघितलेला. बाकी दिवस म्हणजे चूल, शेण, पाणी, चूल. घरात एक माणूस पडून आहे आणि एक माणूस त्याचं करतो आहे, हे तिला भिंतीसारखं होतं. असतं ते.

सुरवातीला सोप्यातनं ओरडणं ऐकू यायचं. बिराप्पा कूस बदलायला लागला की केरबा गुरासारखा ओरडायचा, शिव्या घालायचा. एकदा डाव्या हातानं त्याला पाण्याचा तांब्या मारला. बिराप्पाच्या भुवईवर टेंगूळ आलं. रंगूबाई माजघरात बसून म्हणायची, "जीव घेतोय का काय मुडदा!"

मग ते ओरडणं थांबलं. घराला बरं वाटलं. रंगूबाई म्हणाली, "हात बसला त्याचा." सुलालाही तसंच वाटलं.

घरचं माणूस परक्याच्या हातात दिलं म्हणून कुणी बेफिकीर होतं असं नाही. लालासाहेब रोज सकाळी यायचा. बाजेच्या पायथ्याशी बसायचा. केरबाच्या अंगावर गळ्यापर्यंत वाकळ असायची, वर दाढी केलेलं तोंड.

"काय आबा, बरं हाय न्हवं?"

"बरं हाय."

"ह्यो जेवाय घालतोय का? का सोताच गिळतोय?"

"घालतोय."

"मंग झ्याक. आवं, तुमची तर ऐश हाय. आमी बसलोय फडात पाय कापून घेत."

सुला दाराआडनं चहा सरकवायची. लालासाहेब चहा प्यायचा, ऊस, कारखाना, पाटाचं पाणी असं बोलून जायचा. वाटेवरनं जाणारं कुणीबुणी डोकवायचं. तेही हेच विचारायचं आणि हेच ऐकून जायचं. आष्ट्याच्या बाजारात लोक म्हणायचे, केरबा आबाची बडदास्त बघावी. पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं धनगर करतोय.

थंडी सरता सरता सोप्यात ऊद जळायला लागला. सकाळी आणि दिवेलागणीला. लालासाहेब म्हणाला, "देवळात आल्यागत वाटाय लागलंय की रं, बिराप्पा."

बिराप्पानं निखाऱ्यावर आणखी ऊद टाकला.

सुलाला उदाच्या खालचा वास यायचा. वाळत घातलेल्या धोतरांना यायचा. ती धोतरं बिराप्पाच विहिरीवर धुवायचा, पण घड्या तिच्या हातात यायच्या. तिनं एकदा दाराआडनं विचारलं, "वास कशाचा येतोय, बिराप्पा?"

"म्हाताऱ्या माणसाचा, आक्का."

म्हाताऱ्या माणसाला वास असतो. तिचा आजा पडून होता तेव्हाही होता.

एका दुपारी उंबऱ्याची कडी वाजली. बिराप्पा पलीकडं उभा. हातात ओंजळभर सीताफळीचा पाला.

"आक्का, पाटा द्या. वाटायचंय."

सुलानं पाटा-वरवंटा उंबऱ्यावर सरकवला. तिथंच बसून तो वाटायला लागला. हिरवा उग्र वास सुटला. सुलाचे हात पिठात होते. तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि मग तिच्या डोक्यात आलं.

सीताफळीचा पाला माणसं कशाला वाटतात हे तिला माहेरापासून ठाऊक होतं. जनावराच्या जखमेत किडे पडले की वाटतात. वाटून जखमेत कोंबायचा, वरनं फडकं बांधायचं, किडे मरून बाहेर पडतात. दुसऱ्या कशाला तो पाला लागत नाही. शेळीसुद्धा तोंड लावत नाही त्याला.

"कुठल्या जनावराला झालंय?" तिनं विचारलं.

बिराप्पा वाटत राहिला.

"म्हशीला?"

"न्हाई."

"बैलाला?"

"न्हाई, आक्का."

गोठ्यात दुसरं जनावर नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली. सुलानं ती काढून बाजूला ठेवली आणि दुसरी थापली. पाला ठेचायला अंगणात दगड काय कमी होते? ह्यानं तिचा पाटा मागितला होता, तिच्यासमोर बसून वाटला होता. तिनं बघावं म्हणूनच. एवढं तिला कळलं. कळून हात थापत राहिले. त्या दिवशी सगळ्या भाकरी झाल्या, कालवण झालं, ताट उंबऱ्यावर गेलं.

संध्याकाळी तिनं रंगूबाईला सांगितलं.

"आत्ती, मामांच्या पाठीला किडं पडल्यात."

"तू बगितलंस?"

"न्हाई."

"मंग? त्या धनगराच्या पाल्यावरनं काढलंस व्हय? त्याच्या पायाला लागलं असंल काट्यानं."

"आपन बगाय पायजे."

"कुनी? तू बगनार?" रंगूबाईनं वडस आलेले डोळे तिच्याकडं वळवले. "सासऱ्याचं धोतर सुनंनं फेडायचं? उद्या आष्ट्यात काय त्वांड दाखवशील? आनी सयाजी आल्यावर त्येला काय सांगशील? बाप्यांची कामं बापं करतील. लालासायबाला सांग."

दुसऱ्या सकाळी सुलानं दाराआडनं लालासाहेबाला सांगितलं, "भावजी, मामांची पाठ बगा जरा."

"पाठ?" लालासाहेब बाजेकडं वळला. "आबा, पाठीला काय झालंय?"

"काय न्हाई."

"दुकतीया?"

"न्हाई."

"काय न्हाई म्हंत्यात की गं," लालासाहेब दाराकडं बघून म्हणाला. "आनी झालं असतं तर ह्येनं सांगितलं नसतं व्हय? काय रं?"

बिराप्पा कोपऱ्यात उभा होता. त्यानं मान खाली घातली.

वाकळेला हात लावायचं लालासाहेबाच्या मनातच आलं नाही. थोरल्या माणसानं बरं हाय म्हटल्यावर त्याचं पांघरूण उचलून बघणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. तसं कुणी करत नाही. लालासाहेब चहा पिऊन गेला.

मग सुलानं बनुबाईची वाट बघितली. बनुबाईचा निरोप नेहमी आधी यायचा, एसटीच्या कंडक्टरबरोबर. त्यामुळं ती पोचायच्या आत केरबाची दाढी झालेली असायची, बंडी बदललेली असायची, ऊद पेटलेला असायचा. ह्या वेळीही तसंच झालं. मोसंब्यांची पिशवी घेऊन ती आली, बापाच्या उशाशी बसून रडली, मोसंबी सोलून फोडी भरवल्या. मग आत चुलीपाशी आली.

"वन्सं," सुला म्हणाली, "मामांची पाठ बगून जावा. तुमी लेक हायसा. तुमास्नी चालतंय."

बनुबाई पुन्हा सोप्यात गेली. सुलानं ऐकलं. "आबा, पाठ दावा बरं." मग केरबाचा आवाज, सगळा पीळ पडलेला, पण शब्द स्पष्ट. "लेकीपुढं उघडा पाडतीस मला?"

बनुबाई परत आली ती तोंडाला पदर लावून.

"त्यांना बरंच आहे म्हणतात गं. उगंच मेलं त्यांना लाजवायचं." तिची सांगलीची भाषा होती आता. "बिराप्पा करतो की सगळं."

पाचची गाडी धरून ती गेली.

आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. सयाजीला पत्र टाकलं असतं तर ते आसामात पोचून त्याला सुट्टी मिळेपर्यंत काय झालं असतं, ते सुलाला दिसत होतं. अगदी साधं दिसत होतं. केरबा मेला असता. बाजेवर, उदाच्या वासात, दाढी केलेला, बरं हाय म्हणत.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगूबाई जेवून कलंडली. सुलानं हात धुतले. पदर तोंडावर ओढला आणि उंबरा ओलांडला. काळीज धडधडेल असं तिला वाटलं होतं. धडधडलं नाही. पाणी आणायला निघाल्यासारखी ती गेली.

बिराप्पा बाजेशेजारी घोंगड्यावर बसला होता. तो उठून उभा राहिला.

"ह्यास्नी वळव," सुला म्हणाली.

केरबानं डोळे उघडले. "कोन? सुले? भाईर हो! भाईर हो म्हंतो ना!"

"बिराप्पा, वळव."

"हात लावलास तर बग रं, बिऱ्या! भंडारा हाय तुला बिरोबाचा!"

बिराप्पाचे हात तिथंच थांबले. तो सुलाकडं बघायला लागला. मग सुलानंच पुढं होऊन वाकळ ओढली. बंडी वर केली, धोतर सैल करून खाली सारलं. एका हातानं त्याचा खांदा धरून त्याला स्वतःकडं ओढायला लागली. केरबा हाडांचा सापळा झालेला, तरी जड होता. तिच्यानं निम्माच वळला. बिराप्पानं दुसरीकडनं हात घातला तेव्हा कुठं पाठ दिसली.

कमरेच्या खाली, माकडहाडावर, वाटीएवढा खड्डा. कडा काळ्या. आत हिरवा पाला कोंबलेला आणि पाल्याच्या मधी पांढरं काहीतरी, काही मेलेलं, काही हलणारं. दोन्ही खुब्यांवर कातडं जाऊन लाल झालेलं.

सुलानं बघितलं. तोंडावरचा पदर मधी येत होता, म्हणून तो मागं सारला आणि पुन्हा नीट बघितलं. केरबा भिंतीकडं तोंड करून रडत होता. आवाज न करता, वाकड्या तोंडानं.

तिनं वाकळ परत घातली.

"कवापासनं?" तिनं बिराप्पाला विचारलं.

"मी बोलायचं न्हाई, आक्का. भंडारा उचललाय बिरोबाचा."

"मामांनी उचलाय लावला?"

बिराप्पानं मान डोलवली. मग हळूच म्हणाला, "मेंढराचं सांगू का?"

"सांग."

"एक मेंढरू हुतं. वळवलं की दुकायचं. म्हंलं, वळवू नगं. म्या वळवायचं थांबलो. मंग पाठ गेली. मेंढरू म्हंलं, कुनाला सांगू नगं. सांगितलं तर दवाखान्यात नेतील. तितं नर्सबाया उघडं करून धुत्यात." तो थांबला. "मेंढरू लय मोठ्या घरचं, आक्का. मला लाव म्हंलं भंडारा कपाळाला. लावला. नसता लावला तर जा म्हंलं असतं. कुटं जानार?"

बिरोबाचा भंडारा म्हणजे धनगराला सगळ्यात जड. हळदीची चिमूट कपाळाला लावली की शब्द मोडायचा नाही, मोडला तर मेंढरं मरतात, पोरं मरतात. बिराप्पाची मेंढरं आधीच मेलेली होती, तरी तो भीत होता.

सुला तशीच लालासाहेबाच्या वस्तीवर गेली. अंगणात बापे बसलेले होते, चंची फिरत होती. एरवी ती मागच्या दारानं बायकांकडं गेली असती. ती सरळ बाप्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"मामांच्या पाठीत किडं पडल्यात. म्या बगून आल्ये. ट्रॅक्टर काढा."

"तू बगितलंस?" लालासाहेबानं विचारलं. बाकीचे खाली बघायला लागले.

"व्हय. वाटीएवढा खड्डा हाय."

कुणीतरी पुटपुटलं, "सुनंनं?"

"सुनंनं," सुला म्हणाली. "ट्रॅक्टर काढा."

ट्रॉलीत कडबा अंथरला, त्यावर वाकळा, त्यावर केरबाला पालथा घातला. बिराप्पानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सांगलीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला केरबा कण्हत होता. सुला ट्रॉलीच्या कडेला धरून बसली होती. दोन्ही बाजूंनी ऊस होता. तिला झोप येत होती. खरंच येत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं बघून नाकाला रुमाल लावला नाही, पण चष्मा काढला.

"ह्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं का?"

"रोज बगत हुतो, सायेब," लालासाहेब म्हणाला.

"काय बघत होता?"

लालासाहेबानं पागोटं सारखं केलं. "त्वांड," तो म्हणाला.

केरबा दवाखान्यात राहिला. नर्सबायांनी उघडं करून धुतलं. पहिल्यांदा त्यानं एकीचा हात चावायला बघितला. ती म्हणाली, "आजोबा, दात हायत का तरी?" नव्हतेच फारसे. काळं कातडं कापून काढलं, ताप चढला, उतरला, परत चढला. राहील का जाईल कुणी सांगत नव्हतं. मग एकदा उतरलेला ताप चढलाच नाही. डॉक्टरनं सुलाला जवळ उभं करून पट्टी कशी बदलायची ते दाखवलं. म्हणाला, "घरी न्या. पण हे रोज झालं पाहिजे, आणि ह्यांना विचारून नाही, बघून."

घरी आणलं त्या दिवशी अंगणात लालासाहेबानं बिराप्पाच्या कानाखाली वाजवली. सगळ्यांदेखत.

"उचल घोंगडं नि चालू लाग! किडं पडूस्तवर गप बसलास व्हय रं?"

बिराप्पानं घोंगडं उचललं. सुला दारातनं बाहेर आली.

"त्यो गेल्यावर मामांचं कोन करनार, भावजी? तुमी?"

"दुसरा बगू की."

"दुसऱ्याकडं कोन बगनार?"

लालासाहेब घोंगड्याकडं बघायला लागला.

"त्यो ऱ्हाईल," सुला म्हणाली. "पट्टी मी करीन. रोज. त्यो वळवंल, मी बगीन. आनी तुमी सकाळी येतासा न्हवं? च्या मिळंल, पर वाकळ काढून बगितल्यावर."

"च्यायला, च्या म्हाग झाला की," लालासाहेब म्हणाला. पण हसला नाही.

आतनं रंगूबाईचा आवाज आला. "घराची अब्रू गेली गं बाई, ट्रॉलीत बसून सांगलीला गेली." बिराप्पानं घोंगडं परत सोप्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलानं कडुलिंबाचा पाला टाकून पाणी उकळलं, निववलं, धुतलेली फडकी घेतली आणि सोप्यात गेली. केरबानं तिला येताना बघितलं. दवाखान्यात तिथल्या बाया होत्या, परक्या. ही घरची होती.

"बिराप्पाला करू दी," तो म्हणाला.

"त्येला भंडारा घालतासा तुमी."

बिराप्पा हसता हसता थांबला, कारण हसायचं का नाही त्याला कळेना. "आबा, म्या बोललो न्हाई बगा. पाटा मागितला नुसता."

"गप बस," केरबा म्हणाला. मग सुलाला म्हणाला, "पदर घी. तोंडावर."

"मंग दिसायचं कसं, मामा?"

केरबा आढ्याकडं बघत राहिला. पाणी आणखी निवलं. मग त्यानं डाव्या हातानं उशापाशी चाचपलं, तिथला पंचा ओढला, आणि स्वतःच्या तोंडावर घेतला.

बिराप्पानं त्याला वळवलं. तो ओरडला नाही, पंचा तोंडात धरला असावा. सुलानं जुनी पट्टी सोडली. जखम लाल झालेली होती, ओली, पण आत काही हलत नव्हतं. कडेनं गुलाबी कातडं धरायला लागलं होतं. तिनं पाण्यात फडकं पिळलं आणि कडेकडेनं पुसायला घेतलं.

"केवढं हाय?" पंच्याखालनं आवाज आला.

आजवर हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं.

"वाटीएवढं हुतं. आता लिंबाएवढं."

"भरंल?"

"ठावं न्हाई."

पंचा श्वासानं हलत होता.

"सयाजीला कळवू नगंस."

"कळवनार," सुला म्हणाली, आणि बिराप्पाला म्हणाली, "आनी जरा वळव. खालनं दिसंना."